देवळालीची तहान

इंग्लंडमधल्या जुन्या पबातली सगळ्यांत महत्त्वाची खोली गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. लाकडी काउंटर, नक्षीच्या काचा, शेकोटी, पितळी नळ यांची छायाचित्रं निघतात, पण पबची खरी परीक्षा जिन्याखालच्या तळघरात होते. तिथे बारा अंशांच्या आसपासच्या गारव्यात बिअरची पिंपं आडवी पडलेली असतात आणि त्यांतली बिअर अजून तयार व्हायची असते. कारखान्यातून निघाली तेव्हा ती अर्धीच झालेली होती. उरलेलं काम पबच्या मालकाने करायचं असतं.

ही पिंपातली बिअर, म्हणजे कास्क एल, बाटलीतल्या किंवा कॅनमधल्या बिअरपेक्षा कुठे वेगळी पडते ते आधी पाहू. सुरुवात दोन्हींची सारखीच. जव भिजवायचे, मोड आणायचे आणि मोड फुटले की वाळवून भाजायचे. मिसळीसाठी मटकीला मोड आणणाऱ्या कुणालाही यातला पहिला टप्पा शिकवावा लागणार नाही. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात की जी त्यातल्या पिठाची साखर करू शकतात. म्हणून हे मोडाचे जव भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले की पाणी गोड होतं. ते गाळून हॉप्स नावाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. इथपर्यंत सगळी बिअर एका वाटेने जाते.

पुढे वाटा फुटतात. कारखान्याची नेहमीची बिअर गाळली जाते, बहुधा तापवून निर्जंतुक केली जाते आणि वरून वायू भरून बंद होते. तिच्यात जिवंत असं काही उरत नाही, म्हणून ती महिनोन्‌महिने टिकते आणि गुवाहाटीपासून गोव्यापर्यंत एकाच चवीची लागते. कास्क एल न गाळता, न तापवता, जिवंत यीस्ट आणि थोडी साखर शिल्लक असतानाच पिंपात भरली जाते. पिंपात ती पुन्हा हळूहळू फसफसते आणि तिचा मऊ, बारीक बुडबुडा तिथेच तयार होतो. पिंप हल्ली बहुतेक वेळा स्टीलचं असतं, लाकूड केव्हाच मागे पडलं. नेहमीच्या लहान पिंपाला फर्किन म्हणतात. ते नऊ गॅलनचं, म्हणजे जवळपास ४१ लिटरचं. त्यातून ७२ पाइंट निघतात.

पिंप तळघरात आलं की ते आडवं मांडून पाचर मारून पक्कं करतात. वरच्या बुचात एक सच्छिद्र, मऊ लाकडाची खुंटी ठोकतात. तिच्यातून जादा वायू निघून जातो. वायूचा जोर ओसरला की तिच्या जागी कठीण लाकडाची खुंटी बसवतात, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. दरम्यान यीस्टचा साका तळाशी बसून बिअर निवळायला हवी. हे लवकर व्हावं म्हणून शेकडो वर्षं माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला चिकट पदार्थ वापरत आले आहेत. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या याच पिशवीला कोळी लोक भोत म्हणतात. घोळीचं भोत माशाच्या मांसापेक्षा कितीतरी महाग विकलं जातं आणि परदेशी जातं. वाइन आणि बिअर निवळणं हा त्याच्या उपयोगांपैकी एक. दिवस-दोन दिवसांत बिअर स्वच्छ झाली की तोटी ठोकायची आणि वर काउंटरवरचा लांब दांडा ओढून ती ग्लासात आणायची. त्या हातपंपाचं पेटंट जोसेफ ब्रामाने १७९७ मध्ये घेतलं. बाहेरून वायूचा दाब लागत नाही, फक्त दंडाचा जोर लागतो.

बिअर बाहेर पडते तशी पिंपात हवा शिरते आणि तिथून घड्याळ सुरू होतं. साधारण तीन दिवस चव चांगली राहते. पुढे ती चपटी होते, मग आंबट. म्हणून कास्क एल ठेवणारा पब हा नुसता दुकानदार नसतो. तो कारखान्याचा शेवटचा कारागीर असतो. पुढचं सगळं लक्षात येण्यासाठी त्याच्या या कामातले दोन आकडे हाताशी ठेवायला हवेत: बारा अंश आणि तीन दिवस.

आता नाशिककडे येऊ.

नाशिक रोडच्या अलीकडचं देवळाली स्टेशन मुंबईपासून सुमारे १८० किलोमीटरवर आहे. १८६०च्या दशकात इंग्रजांनी इथे लष्कराचा तळ वसवला. १८६५ मध्ये कसारा ते इगतपुरीचा थळ घाट रेल्वेने चढला आणि मुंबईच्या बंदरावर उतरलेली पलटण थेट गाडीने वर येऊ लागली. विलायतेहून आलेले गोरे सोजीर इथे काही दिवस थांबत आणि मग हिंदुस्थानभरच्या छावण्यांत पांगत. मुदत संपलेले परत जाण्यासाठी इथेच येऊन जहाजाची वाट पाहत. जहाजं ठरावीक हंगामातच, साधारण हिवाळ्यात, सुटत. ज्याची नोकरी हंगाम उलटल्यावर संपली तो पुढचे कित्येक महिने देवळालीत अडकला. कवायत नाही, लढाई नाही, घर नाही. फ्रँक रिचर्ड्‌स या साध्या सैनिकाने १९३६ साली छापलेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत देवळालीतल्या या रिकामपणाबद्दल लिहिलं आहे. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणतात ते याच गावावरून. बीबीसीने १९७४ ते १९८१ या काळात दाखवलेली युद्धकाळातल्या सैनिकी नाटक कंपनीवरची विनोदी मालिकाही सुरुवातीला देवळालीतच घडते.

थोडक्यात, कास्क बिअरवर वाढलेले हजारो तहानलेले लोक एका जागी बसून होते, हातात पगार होता आणि वेळच वेळ होता. मग देवळालीत पब का उभा राहिला नाही? माझ्या मते या प्रश्नाचं पहिलं उत्तर हवामानाचं आहे. कायदा नंतर आला.

विलायती बिअर हिंदुस्थानात येत होती, आणि भरपूर येत होती. अठराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत लंडनच्या पूर्वेला बो इथे जॉर्ज हॉजसनचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची गोदी जवळच होती आणि हॉजसन कप्तानांना लांब मुदतीच्या उधारीवर माल देई, म्हणून हा व्यापार त्याच्या हाती आला. १८२२ च्या सुमारास कंपनीच्या एका संचालकाने बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉपला तशीच बिअर करायला सांगितलं. बर्टनच्या विहिरींचं पाणी जिप्समचं, त्यात कडू बिअर अधिक लखलखीत उतरे. ऑलसॉप आणि त्यापाठोपाठ बास यांनी हॉजसनला मागे टाकलं. आज जगभरच्या बारमध्ये आयपीए म्हणून जी मिळते ती ‘इंडिया पेल एल’ या व्यापारातून नावारूपाला आली.

तिच्याबद्दलची एक कथा सर्रास सांगितली जाते: नेहमीची बिअर प्रवासात नासायची म्हणून हॉजसनने खास कडक आणि कडू बिअर शोधून काढली. ही कथा पुराव्यावर टिकत नाही. हॉप्स जास्त घातले की आंबवणारे जंतू वाढत नाहीत, हे इंग्लंडातल्या कारागिरांना आधीपासून माहीत होतं आणि दूरदेशी जाणाऱ्या बिअरमध्ये ते हॉप्स जास्त घालतच होते. शिवाय काळपट पोर्टर बिअरही तोच प्रवास करून सुखरूप पोहोचत होती. उलट साध्या सैनिकांसाठी सरकार पाठवी ती मुख्यतः पोर्टरच. फिकी पेल एल अधिकाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या टेबलावर असे. प्रवासाने मात्र एक गोष्ट खरोखर केली. आफ्रिकेला वळसा घालून येणारं जहाज चार-सहा महिने चाले, दोनदा विषुववृत्त ओलांडे आणि गोदामातल्या पिंपांतली बिअर उबेने आणि हेलकाव्यांनी झपाट्याने मुरे. इंग्लंडच्या तळघरात जे घडायला वर्ष-दोन वर्षं लागत ते वाटेतच होऊन जाई.

म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर उतरली तेव्हा ती चांगलीच असायची. गोंधळ त्यापुढे व्हायचा. पिंप उघडल्यावर तीन दिवस टिकतं हे गणित बारा अंशांचं आहे. देवळाली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असली तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीला भिडतो. एवढ्या उष्म्यात उघडलेल्या पिंपात आंबट करणारे जंतू मोकाट सुटतात आणि बिअर एक-दोन दिवसांत टाकाऊ होते. म्हणून बंदरावर पोहोचलेली बरीच पेल एल पिंपातून बाटल्यांत भरली जाई. बाटली एका बैठकीत संपते, तिला तळघर लागत नाही. छावणीच्या कँटीनमध्ये पोर्टरचं पिंप फुटलं की ते त्याच संध्याकाळी संपवायला पलटण हजर असे. पब म्हणजे चार चांगली पिंपं नेहमी तयार ठेवणारं घर. ते इथे जमण्यासारखं नव्हतं.

देशात बिअर करायची ठरली तेव्हा इंग्रज डोंगरात गेले तेही याच कारणाने. एडवर्ड डायरने हिमालयातल्या कसौलीला कारखाना काढला, १८६० मध्ये मरीजवळ दुसरा निघाला. एल आंबवायला वीस अंशांच्या आसपासची हवा लागते, ती मैदानात बारमाही मिळत नाही. मुंबईत १८३०च्या दशकापासून अमेरिकेतून जहाजाने बर्फ येत होता, पण तो श्रीमंतांच्या पेल्यापुरता. सैनिकांच्या पिण्याची सरकारला वेगळीच काळजी होती. स्वस्त देशी अरक पिऊन मरणारे, आजारी पडणारे आणि शिक्षा होणारे सैनिक इतके होते की लष्करी डॉक्टरांना बिअर त्यामानाने सुरक्षित वाटे. १८८०च्या दशकात सरसेनापती रॉबर्ट्‌स यांनी लष्करातल्या मद्यत्याग चळवळीला पाठबळ दिलं आणि छावण्यांत कॉफी, वाचन, खेळ यांच्या खोल्या उघडल्या. संध्याकाळी बसायला जागा द्या, म्हणजे पिणं आपोआप मर्यादेत येईल, असा त्यामागचा विचार होता. मला तो आजही पटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोन गोष्टी घडल्या आणि उष्ण देशांतल्या बिअरचा प्रश्न वेगळ्याच मार्गाने सुटला. १८७६ मध्ये लुई पाश्चर यांनी बिअरवरचा आपला ग्रंथ छापला आणि बिअर नेमकी कशाने नासते ते उलगडलं. त्याच दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी जर्मन कारखान्यांसाठी थंडीचं यंत्र तयार केलं. आता कुठेही, कधीही, थंडीत आंबणारी लागर बिअर करता येऊ लागली आणि ती गाळून, तापवून, बाटलीत बंद करून कुठेही पाठवता येऊ लागली. हिंदुस्थानने ही लागर उचलली. आजही आपल्याकडे ‘बिअर’ म्हटलं की मनात येते ती बर्फगार, सोनेरी, जोरदार फसफसणारी बाटली. चव जिभेला कळायच्या आत घसा गार व्हावा, हे तिचं काम. मेमध्ये दुपारी नाशिकहून मनमाडकडे निघालेल्या माणसाला त्याचं महत्त्व सांगावं लागणार नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने दारूबंदी आणली. १९४९ चा कायदा हा मोरारजी देसाईंच्या आग्रहाच्या काळातला. बंदी पुढे टप्प्याटप्प्याने सैल झाली, पण कायद्याचा सांगाडा राहिला. महाराष्ट्रात प्यायचं तर आजही कागदावर परवाना लागतो, आणि ‘परमिट रूम’ ही पाटी त्यातूनच आली. या पाटीने बसण्याची जागा कशी असावी तेही ठरवून टाकलं. रस्त्यावरून आत दिसू नये म्हणून काळ्या काचा, दिवसाही मिणमिणता उजेड, कुटुंबासाठी वेगळी खोली. पबच्या खिडक्या रस्त्याकडे उघडतात, परमिट रूमच्या मिटलेल्या असतात. पाहुण्यांना अभिमानाने घेऊन जावं असं हे ठिकाण झालं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडच्या बारमध्ये बायका, म्हातारी माणसं, एकटं बसून वर्तमानपत्र वाचणारा गृहस्थ क्वचितच दिसतात ते यामुळेच.

याला मोठा अपवाद मुंबईच्या इराण्यांचा. कुलाब्याचं लिओपोल्ड १८७१ चं, मोंडेगार १९३२ चं. चहा आणि ब्रून मस्का विकणाऱ्या या हॉटेलांपैकी काहींनी पुढे बिअरचे परवाने घेतले, पण मोठे दरवाजे आणि रस्त्यावर उघडणारी बैठक सोडली नाही. मोंडेगारच्या भिंती मारिओ मिरांडांनी चितारल्या. महाराष्ट्रात जुन्या पबचं सख्खं भावंड शोधायचं तर ते इथे सापडतं: पिढ्यान्‌पिढ्या तेच टेबल, खिमा-पाव आणि घाई नसलेला वेटर.

खुद्द इंग्लंडात काय चाललं होतं? तिथे १९६०च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी लहान कारखाने गिळले आणि तळघरातली पिंपं काढून वायूच्या दाबावर चालणारे, मेलेल्या बिअरचे केग आणले. सांभाळायला सोपे, नासायची भीती नाही. १९७१ मध्ये आयर्लंडमध्ये सुटीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी याविरुद्ध एक संघटना काढली. ती ‘कॅम्रा’ म्हणून ओळखली जाते. ग्राहकांच्या चळवळी सहसा स्वस्ताईसाठी होतात. ही एका कारागिरीसाठी झाली आणि बऱ्याच अंशी जिंकली. पुढे कॅम्राने जुन्या पबांच्या अंतर्भागांची यादी केली. लंडनच्या साउथवर्क भागातलं १६७७ मध्ये पुन्हा बांधलेलं जॉर्ज इन आज नॅशनल ट्रस्टच्या मालकीचं आहे, आणि तिथे अजून बिअर मिळते. २०११ च्या एका कायद्याने गावकऱ्यांना आपला पब ‘समाजाची मत्ता’ म्हणून नोंदवता येतो. तो विकायला निघाला तर पैसे जमवून बोली लावायला त्यांना मुदत मिळते. पब दुरुस्त करताना काय ठेवायचं यावर तिथे रीतसर वाद होतात. भिंती पाडून एक मोठं दालन करायचं की जुन्या छोट्या खोल्या राखायच्या? मी खोल्यांच्या बाजूचा आहे, कारण चार माणसांचं बोलणं चार माणसांत राहायला भिंत लागते.

पबमधल्या खाण्यात मात्र जुनं वाटतं ते सगळं जुनंच असतं असं नाही. चीज-पाव-कांद्याची ‘प्लाउमन्स लंच’ नावाची थाळी प्राचीन वाटते, पण ते नाव १९५०च्या दशकात चीजविक्रेत्यांच्या जाहिरातीने लोकप्रिय केलं. लंडनच्या क्लार्कनवेलमधल्या ‘द ईगल’ने १९९१ मध्ये काउंटरमागेच स्वयंपाक मांडला आणि पबमध्ये जेवायला जाण्याची नवी रीत पडली.

देवळालीचं नाव या गोष्टीत परत येतं ते पुण्यात. २००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन कारागिराला बरोबर घेऊन पुण्यात ‘डूलॅली’ सुरू केली. जिथे करायची तिथेच प्यायला द्यायची, अशी महाराष्ट्रातली ही पहिली मायक्रोब्रुअरी. २०१३ मध्ये मुंबईच्या लोअर परळला ‘बार्किंग डिअर’ उघडली. अशा ठिकाणची बिअर न तापवलेली असते, पुष्कळदा न गाळलेलीही. टाकीतून थेट नळाला येते आणि आठवड्यांत संपवावी लागते. ती काटेकोर अर्थाने कास्क एल नव्हे, कारण ती थंड टाकीत वायूच्या दाबाखाली असते. पण बिअर ही जिवंत, नाशिवंत आणि एका घराची असू शकते, हे मराठी माणसाने पहिल्यांदा इथे चाखलं.

आणि तळघर? ते नाशिकने वेगळ्याच पेयासाठी आधीच बांधलं होतं. राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत वाइनची द्राक्षं लावली. १९९९ मध्ये ‘सुला’ स्थापन झाली आणि २००० मध्ये तिची पहिली वाइन बाजारात आली. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने करसवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क झाला आणि नाशिक-दिंडोरी परिसरात वायनरी उभ्या राहिल्या. पांढरी वाइन बारा ते सोळा अंशांत आंबवावी लागते. उन्हाळ्याच्या तोंडावर ते साधण्यासाठी स्टीलच्या टाक्यांभोवती थंड पाण्याची वेटोळी, रात्रीची तोडणी, जनरेटरची सोय अशी सगळी शिस्त इथल्या माणसांनी पंचवीस वर्षांत अंगी बाणवली. शंभर वर्षांपूर्वी देवळालीत ज्या बारा अंशांअभावी पब उभा राहिला नाही, ते बारा अंश आता नाशिकचा फिटर आणि केमिस्ट रोज राखतो. शिवाय सुलाने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली आणि एक मोठी अडचण दूर केली. बागेकडे उघडणाऱ्या मोकळ्या बाल्कनीत, भर उजेडात, आई-वडिलांना घेऊन आलेली कुटुंबं ग्लास हातात धरून बसू लागली. परमिट रूमच्या काळ्या काचेला मिळालेलं हे उत्तर मला वायनरीच्या विक्रीच्या आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

मग नाशिकमध्ये एखाद्या जुन्या घरात पिंपाची बिअर मिळू शकेल का? तांत्रिकदृष्ट्या अवघड काही नाही. हिवाळ्यात तर निसर्गच अर्धं काम करतो; निफाडचा पारा काही रात्री दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. उन्हाळ्यासाठी उष्णतेपासून नीट राखलेली एक थंड खोली पुरे. मायक्रोब्रुअरीच्या परवान्यात जिथे करायची तिथेच विकता येते. कास्क एललाही हेच सोयीचं, कारण तिला लांबचा प्रवास मुळात सोसत नाही.

चखण्याची तर श्रीमंतीच आहे. थंडगार लागर आणि झणझणीत तर्री यांचं जमतं असं सगळे म्हणतात, पण नीट पाहिलं तर जोरदार वायू आणि तिखट एकत्र आले की जिभेची आग वाढते. फार कडू आयपीएही तिखटाला भडकवते. कमी वायूची, बारा अंशांची, जवाच्या भाजकट गोडीची तपकिरी एल मिसळीशेजारी ठेवली तर तो गोडवा तर्रीला आवरतो आणि मटकीची चवही लागू देतो. कोंडाजी चिवडा, भाजलेले शेंगदाणे, मसाला पापड, तळलेले बोंबील, उकडलेल्या अंड्यावर कांदा-कोथिंबीर: यांतलं काहीही विलायती पबच्या पाटीवर शोभेल, आणि बहुतेकांना पबच्या बटाट्याच्या वेफर्सपेक्षा जास्त चव आहे.

खरी अडचण तीन दिवसांची आहे. नऊ गॅलनचं एक पिंप तीन दिवसांत संपवायचं म्हणजे रोज चोवीस पाइंट त्याच बिअरचे जायला हवेत. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या गंगापूर रोडला लागतात तेव्हा हे सहज होईल, पण मंगळवारी? मंगळवारी गावातलाच माणूस यायला हवा, आणि तो गारव्यासाठी न येता त्या बिअरसाठी यायला हवा. शिवाय श्रावणात, चतुर्थीला, निवडणुकीच्या आणि गांधीजयंतीच्या कोरड्या दिवशी गिऱ्हाईक नसतं तेव्हा पिंप उघडायचं नाही, हे पंचांग आणि सरकारी यादी दोन्ही समोर ठेवून ठरवावं लागेल. इंग्लंडमधला पबवाला ख्रिसमसच्या आधी जसा पिंपांचा हिशेब मांडतो, तसा नाशिकच्या मालकाने तो कुंभमेळ्याचा, द्राक्षतोडणीचा आणि लग्नसराईचा मांडायचा. सुरुवात एकाच पिंपाने करावी, डिसेंबरमध्ये. ते बुधवारी आडवं ठेवलं तर शुक्रवारी संध्याकाळी तोटी ठोकता येईल आणि रविवारी रात्री तळाचा साका ओतून टाकता येईल.